क्रेडिट पोहोचले, विषय मात्र वेशीवर

खाडीकाठ

ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात मी सतरा वर्षे नोकरी करतो आहे. आमच्याकडे विज्ञान शाखेची दोन वर्षे पूर्ण केलेली एक विद्यार्थिनी, घरच्यांनी उलव्याला जागा घेतल्यामुळे, यंदा नवी मुंबईतल्या दुसऱ्या एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला गेली. तिचा अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळखक्रमांक) जुळला, डिजिलॉकरमध्ये तिची क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, दिसली, स्थलांतर प्रमाणपत्रही वेळेत मिळाले. तरी पंधरा दिवसांनी आलेल्या पत्रात संख्याशास्त्राच्या चार क्रेडिटच्या विषयापुढे 'समकक्ष नाही' एवढाच शेरा होता. विषय तिथेही चार क्रेडिटचाच आहे. मुलीने आमच्या खिडकीशी येऊन विचारले, "सर, माझी चार क्रेडिट्स गेली कुठे?" मला सरळ उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम २८ जुलै २०२१ चे आहेत. त्यांनुसार विद्यार्थ्याच्या खात्यात क्रेडिट जमा होते, ते जास्तीत जास्त ७ वर्षे टिकते, आणि पदवीसाठी वापरताना किमान ५० टक्के क्रेडिट्स पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवलेली असावी लागतात. 'बँक' हा शब्द ऐकायला छान आहे, पण गैरसमजाचे मूळही त्यातच आहे. रुपया वाशीत मिळवला काय आणि कळव्यात खर्च केला काय, रुपयाच राहतो. क्रेडिट कशाचे आहे याला मात्र महत्त्व असते, आणि नेमके तेच खात्यातून पुढे जात नाही. आमच्याकडून जी फाईल वर चढते तिच्यात एका विद्यार्थ्याची एक आडवी ओळ असते: विषयाचे नाव, कोड, कमाल गुण, मिळालेले गुण, श्रेणी, क्रेडिट, आणि पुढच्या विषयासाठी पुन्हा हेच स्तंभ. त्या मुलीने सत्रभर काय शिकले हे त्या ओळीत कुठेच नाही.

मी दोन्हीकडच्या अभ्यासक्रमांची पाने टेबलावर शेजारी ठेवून पाहिली. आमच्याकडे तीन क्रेडिट्स व्याख्यानांची आणि एक प्रात्यक्षिकाचे. त्यांच्याकडे दोन आणि दोन. व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे ३० तास धरले, तर आमचे ४५ अधिक ३० असे ७५ तास होतात आणि त्यांचे ३० अधिक ६० असे ९०. क्रेडिट्सची बेरीज दोन्हीकडे चारच. आमची मुले प्रात्यक्षिकाला कॅल्क्युलेटर घेऊन बसतात आणि जर्नल भरतात, त्यांची मुले संगणकावर 'आर' भाषेत काम करतात. आमचा चौथा घटक सहसंबंध आणि समाश्रयणाचा, त्यांचा परिकल्पना चाचणीचा. तेव्हा विषय जुळतात का हे ठरवणाऱ्या त्यांच्या समकक्षता समितीचा शेरा अगदीच निराधार नव्हता. पण त्यामागची ही कारणे कोणीही कुठेच लिहून ठेवलेली नाहीत. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी गेली तर तीच समिती तीच पाने पुन्हा वाचणार, आणि कदाचित निराळा निर्णय देणार.

सगळ्या विद्यापीठांनी विषयांची माहिती एकाच सामाईक डेटा मॉडेलमध्ये, म्हणजे माहिती नोंदवण्याच्या एकाच ठरलेल्या रचनेत, ठेवली तर हे सुटेल का, की आणखी एक पोर्टल आणि आणखी एक एक्सेल आमच्या गळ्यात पडेल, हे जाणकारांनी सांगावे.

महापेकर

खाडीकाठ, मी महापे येथे विमा क्षेत्रातला डेटा एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेण्याचे काम करतो, त्यामुळे तुमची आडवी ओळ वाचून घरचेच कोणी भेटल्यासारखे वाटले. ती ओळ म्हणजे गुणपत्रिकेची नक्कल आहे. कागदावर छापायला सोयीची रचना होती, तीच संगणकात उचलून ठेवली, आणि त्यामुळे चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच ओळीत कोंबल्या गेल्या.

विद्वत् परिषदेने, म्हणजे अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या मंडळाने, मंजूर केलेला विषय ही पहिली गोष्ट. त्याची उद्दिष्टे, घटक, तास आणि पूर्वअटी यात येतात. तो विषय एखाद्या वर्षी, एखाद्या महाविद्यालयात प्रत्यक्ष शिकवला गेला ही दुसरी. एका विद्यार्थ्याला त्यात काय मिळाले ही तिसरी. आणि तो विषय एखाद्या पदवीत कोणत्या जागी बसतो ही चौथी, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानंतर आपल्याकडे मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक, कौशल्याधारित, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे कप्पे आले आहेत. संख्याशास्त्राचा तोच विषय गणिताच्या विद्यार्थ्याला गौण असेल आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याला खुला ऐच्छिक असेल. 'मुख्य' किंवा 'गौण' हा विषयाचा गुणधर्म नाही, ती त्या पदवीतली त्याची जागा आहे. ते विषयाच्या नोंदीत लिहून टाकले की दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर चार क्रेडिट्स मान्य होऊनही बसवायला कप्पा सापडत नाही.

दुसरे म्हणजे आवृत्ती. तुमची विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी जो अभ्यासक्रम शिकली तोच आज संकेतस्थळावर आहे का, हे जरूर पाहा. कोड तोच राहतो आणि आतला मजकूर बदलतो, हा आमच्या धंद्यातला सर्वांत महागात पडणारा दोष आहे. गंमत अशी की याचे औषध आपल्या विद्यापीठांकडे आधीपासून आहे. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेवर विद्वत् परिषदेच्या बैठकीची तारीख आणि बाब क्रमांक छापलेला असतो. कोडाला ती जोडी चिकटवली की आवृत्ती निश्चित झाली. नवे काही शोधायची गरजच नाही, पण फाईलमध्ये मात्र तो रकाना नसतो.

आता मूळ प्रश्न. समकक्षता ही कोणत्याही एका विषयाच्या नोंदीत मावणारी गोष्ट नाही, कारण ते दोन विषयांमधले नाते आहे आणि त्या नात्याची स्वतंत्र नोंद लागते. शिवाय ते नाते एका दिशेचे असते. तुमच्या ७५ तासांच्या विषयावरून त्यांच्या ९० तासांच्या विषयाकडे जाताना काही कमी पडेल, उलट दिशेने कदाचित काहीच पडणार नाही. शालेय आणि विद्यापीठीय क्षमतांसाठी वन-एडटेक या संस्थेचे केस नावाचे जे मानक आहे, त्यात प्रत्येक विधानाला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि दोन विधानांमधला संबंध ही वेगळी नोंद असते. 'तंतोतंत जुळते', 'संबंधित आहे', 'याचा भाग आहे', 'याच्या आधी येते' असे त्या संबंधाचे प्रकार ठरलेले आहेत. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे २००९ सालचे स्कॉस हे संकल्पनांच्या याद्या जोडण्याचे मानक आणखी एक पथ्य शिकवते: 'तंतोतंत जुळते' हे नाते साखळीने पुढे नेता येते, 'जवळपास जुळते' हे नेता येत नाही. ठाण्याचा विषय नेरुळच्या जवळपास, नेरुळचा पनवेलच्या जवळपास, म्हणून ठाण्याचा पनवेलला चालेल, असे संगणकाला ठरवू देता कामा नये. प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे गळत जाते आणि शेवटी नाव तेवढे उरते.

पाम_बीच_रोड

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला अभ्यासक्रमाच्या ४१ पानांच्या झेरॉक्स काढून प्रत्येक पानावर जुन्या महाविद्यालयाचा शिक्का आणायला सांगितले होते. शिक्का मारणाऱ्या ताई दोन दिवस रजेवर होत्या, मग शाईची गादी कोरडी होती. सगळी पाने घेऊन गेल्यावर नव्या ठिकाणी सांगण्यात आले की ही आवृत्ती पुढच्या तुकडीची आहे, तुमच्या तुकडीची आणा. महापेकरांनी लिहिलेला तारखेचा आणि बाब क्रमांकाचा मुद्दा तेव्हा कोणी सांगितला असता तर आमच्या हार्बर लोकलच्या चार फेऱ्या वाचल्या असत्या.

निवृत्त_फळा

मी गणिताचा अध्यापक होतो आणि अशा समकक्षता समित्यांवर अनेक वर्षे बसलो आहे, म्हणून थोडे थंड पाणी ओततो.

अध्ययन निष्पत्ती नावाचा, म्हणजे विषय शिकून विद्यार्थ्याला काय करता येईल हे सांगणारा, जो मजकूर आता प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला असतो, त्यावर या साऱ्या मॉडेलची भिस्त आहे असे दिसते. तो मजकूर कसा तयार होतो हे मी जवळून पाहिले आहे. ब्लूमच्या वर्गीकरणातली (शिकण्याच्या पातळ्यांच्या प्रसिद्ध यादीतली) क्रियापदे समोर ठेवायची, 'विद्यार्थी संकल्पना स्पष्ट करू शकेल', 'विद्यार्थी पद्धतीचे उपयोजन करू शकेल' अशी पाच वाक्ये लिहायची आणि संध्याकाळच्या आत पाठवून द्यायची. शेजारच्या विषयाची वाक्ये उचलून नाव बदललेलीही मी पाहिली आहेत. असे दोन मजकूर संगणकाने ताडून पाहिले तर त्याला जगातले सगळे विषय समकक्ष दिसतील.

आमच्या समितीत अनुभवी माणूस अभ्यासक्रम बाजूला सारून आधी प्रश्नपत्रिका मागत असे. घटक चार छापलेला आहे, पण गेल्या तीन वर्षांत त्यावर किती गुणांचे प्रश्न आले आणि त्यांना पर्याय किती होते, यावरून तो घटक खरोखर शिकवला जातो की नाही हे कळते. तुमच्या मॉडेलमध्ये प्रश्नपत्रिकेला जागा आहे काय? नसेल तर तुम्ही कागदावरच्या विषयाची तुलना कागदावरच्या विषयाशी करत आहात.

आणखी एक. सामाईक मॉडेलचा पुढचा टप्पा सामाईक अभ्यासक्रम असतो, असा माझा अनुभव आहे. रकाने सारखे झाले की मजकूरही सारखा करण्याचा मोह वरच्यांना होतो, आणि मग एखाद्या महाविद्यालयाने हौसेने सुरू केलेला वेगळा विषय 'जुळत नाही' म्हणून बंद पडतो.

डीएसई_वाला

सामाईक निर्णयाचे एक जुने उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. तंत्रनिकेतनाची पदविका झालेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतो. तिथे विषयवार समिती नाही, झेरॉक्स नाहीत, शिक्के नाहीत; संपूर्ण पहिले वर्ष एका फटक्यात समकक्ष मानले जाते. सोय म्हणून हे उत्तम आहे आणि मी स्वतः त्याच वाटेने आलो.

पण तिसऱ्या सत्रातल्या गणिताला, ज्याला मुंबईत सगळे एम-थ्री म्हणतात, पदविकावाले का अडकतात हे आमच्या वर्गात कोणीही सांगू शकले असते. संमिश्र चलांच्या फलनांचा धडा सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात कॉशी-रीमान समीकरणे येतात, त्यांना आंशिक विकलन लागते, आणि आंशिक विकलन हे पहिल्या वर्षाच्या गणितात शिकवलेले असते, जे आम्ही केलेलेच नव्हते. सर फळ्यावर लिहीत होते आणि आमच्या बाकावरचे आम्ही चौघे ते गोल वळणाचे 'डी'चे चिन्ह कुठून आले हे एकमेकांना विचारत होतो. मला त्या विषयात केटी लागली, म्हणजे नापास होऊन तो पेपर पुन्हा द्यावा लागला. माझ्या कागदपत्रांत पहिले वर्ष 'मान्य' होते, आणि ते खोटेही नव्हते. फक्त कोणत्या पुढच्या विषयासाठी मान्य आणि कोणत्यासाठी नाही, हे लिहायला जागा नव्हती. महापेकर म्हणतात तशी पूर्वअटीची नोंद असती, तर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला वीस तासांचा जोडवर्ग कोणाला लागेल याची यादी आपोआप निघाली असती.

किल्ले_बेलापूर

खारघरच्या एका संस्थेत परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची कागदपत्रे मी पाहते, त्यामुळे बाहेर हे कसे चालते ते थोडक्यात लिहिते.

युरोपात १९८९ पासून ईसीटीएस ही क्रेडिट मोजण्याची सामाईक पद्धत आहे. तिच्यात एका शैक्षणिक वर्षाची ६० क्रेडिट्स आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरतात. आपल्या २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास (वर्गाबाहेरचा अभ्यास धरून) आणि ४० क्रेडिट्स, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास आहेत. आता रूपांतर करून पाहा. वर्षाला वर्ष धरले तर आपले एक क्रेडिट त्यांच्या दीड क्रेडिटइतके होते; तासाला तास धरले तर ते एक ते १.२ यांच्या मध्ये कुठेतरी बसते. महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट्स असू शकतात. ज्यांनी १३२ ची रचना घेतली त्यांच्या वर्षाची ४४ होतात आणि वर्षाच्या हिशोबाने दीडाचे १.३६ होतात. मुलगी तीच, अभ्यास तोच, आणि तीन उत्तरे. क्रेडिटचा आकडा पाठवताना तो कोणत्या मापाने मोजला हेही बरोबर पाठवले पाहिजे, हा धडा मी रोज गिरवते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने वेगळी वाट धरली आहे. तिथे सहभागी संस्थांचे विषय राज्याच्या एकाच क्रमांकपद्धतीत असतात. विषयाची अक्षरे आणि शेवटचे तीन अंक सारखे असतील तर तो विषय समकक्ष मानून स्वीकारावाच लागतो. कलनशास्त्राच्या पहिल्या विषयाचा 'मॅक २३११' हा क्रमांक तुम्हाला तिथल्या अनेक संस्थांच्या यादीत सापडेल. मात्र कोणत्या विषयाला कोणता क्रमांक द्यायचा हे त्या त्या विषयातले अध्यापकच ठरवतात. निवृत्त_फळा सर, तुमची समिती तिथेही आहेच. फरक एवढा की ती विद्यार्थी दारात येण्यापूर्वी बसते.

इरास्मस या युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतही तेच तत्त्व आहे. विद्यार्थी निघण्याआधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाच्या कागदावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था अशा तिघांच्या सह्या होतात. खाडीकाठ यांच्या विद्यार्थिनीला 'समकक्ष नाही' हे प्रवेशाची फी भरून झाल्यावर कळले, ही मला त्या शेऱ्यापेक्षाही मोठी चूक वाटते.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. निवृत्त_फळा सर, तुमचा प्रश्नपत्रिकेचा मुद्दा मी सोडणार नाही. दुसऱ्या गोष्टीत, म्हणजे 'प्रत्यक्ष शिकवला गेलेला विषय' या नोंदीत, त्या वर्षीची प्रश्नपत्रिका जोडता येईल असे मला वाटते, कारण ती अभ्यासक्रमाची नसून त्या परीक्षेची असते.

खिडकीच्या या बाजूने दोन अडचणी जोडतो, ज्या तुम्हा संगणकवाल्यांना क्षुल्लक वाटतील. पहिली नावाची. आमच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव येते. आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी असते आणि आईचे नसते. जुन्या निकालपुस्तकांत मुलींच्या नावाआधी एक तिरकी रेघ छापत असत, ती 'विद्यार्थिनी' हे दाखवणारी खूण होती. एका वर्षी ती रेघ नावाचाच भाग समजून फाईलमध्ये चढली आणि त्या तुकडीतल्या एकाही मुलीचे नाव आधारशी जुळेना. आम्ही दोघांनी बसून हाताने रेघा काढल्या.

दुसरी अडचण सवलतीच्या गुणांची. त्यासाठीही गुणांपुढे चिन्हे असतात, आणि कोणते चिन्ह कोणत्या अध्यादेशाचे हे निकालपुस्तकाच्या तळटीपेत असते. फाईलमध्ये चिन्ह तरी गळते, नाहीतर गुणांच्या रकान्यात शिरून आकड्याचा मजकूर होतो. तळटीप तर कुठेच जात नाही.

महापेकर

या दोन्ही गोष्टी मुळीच क्षुल्लक नाहीत. माझ्या कामाचे निम्मे तास अशाच तिरक्या रेघा काढण्यात जातात. कागदावर जे चिन्हाने सांगितले जाते त्याला मॉडेलमध्ये स्वतःचा रकाना द्यावा लागतो, एवढेच त्यावर उत्तर आहे.

सरांच्या शंकेबद्दल: संगणकाने समकक्षता ठरवावी असे मी म्हणत नाही. निष्पत्तीची वाक्ये ताडून निकाल देणारी प्रणाली कोणी विकायला आणली तर मी तिला दारातूनच परत पाठवीन. ठरवायचे तुम्ही अध्यापकांनीच. मॉडेलने तुमचा निर्णय कारणासह जपून ठेवायचा, म्हणजे तो पुढच्या विद्यार्थ्याला पुन्हा मागावा लागणार नाही. सारखे रकाने म्हणजे सारखा अभ्यासक्रम, ही भीती मात्र मी खोडून काढू शकत नाही. त्यावर माझ्याकडे तांत्रिक उपाय नाही.

खाडीकाठ यांच्या विद्यार्थिनीपुरती नोंद मी साध्या मराठीत लिहून पाहतो. 'ठाण्याचा संख्याशास्त्राचा विषय, अमुक बैठकीचा अमुक बाब क्रमांक, ४ क्रेडिट्स, व्याख्याने ४५ तास आणि प्रात्यक्षिके ३० तास. यावरून नवी मुंबईच्या विषयाच्या अमुक आवृत्तीकडे. नात्याचा प्रकार अंशतः जुळते. ३ क्रेडिट्स मान्य. उरलेल्या एका क्रेडिटसाठी परिकल्पना चाचणी आणि आर भाषेतील प्रात्यक्षिके पूर्ण करावीत. निर्णय अमुक अभ्यास मंडळाचा. कोणत्याही बाजूची आवृत्ती बदलेपर्यंत लागू.' आता 'समकक्ष नाही' या दोन शब्दांशी याची तुलना करा. यावर डिजिटल सही करता येते. पडताळता येणाऱ्या प्रमाणपत्रांचे डब्ल्यूथ्रीसीचे मानक २०१९ पासून आहे. पण सहीचे नंतर पाहू, आधी वाक्य तरी लिहिले जाऊ दे.

निवृत्त_फळा

ही नोंद मला पटली. तिच्यात एक रकाना घाला: समितीत कोणाचे मत वेगळे होते काय, आणि कोणत्या कारणाने. माझ्या आठवणीतल्या अर्ध्या समकक्षता दोन विरुद्ध एक मतांनी झालेल्या आहेत, आणि पुढे अभ्यासक्रम बदलला तेव्हा त्या एका मताचेच कारण उपयोगी पडले.

खाडीकाठ

घातला. महापेकरांचे वाक्य छापून, त्यात आमच्या बाजूचे बैठकीचे आणि बाब क्रमांकाचे तपशील भरून, मी ते त्या विद्यापीठाच्या समन्वयकांना पाठवले. त्यांनी फोनवर आधी विचारले की हा नमुना कोणत्या परिपत्रकातला आहे. कोणत्याच नाही म्हटल्यावर थोडे थांबले, आणि मग म्हणाले की तीन क्रेडिट्सचे समितीपुढे ठेवून पाहतो, पण प्रात्यक्षिके खरोखर झाली होती हे दाखवायला मुलीचे जर्नल लागेल.

जर्नल आमच्याकडेच जमा आहे. तळमजल्यावरच्या कपाटात मागच्या दोन वर्षांचे गठ्ठे बांधून ठेवले आहेत आणि येत्या शनिवारी रद्दीवाला येणार आहे. शिपाईमामांना मी संख्याशास्त्राचे गठ्ठे बाजूला काढायला सांगितले आहे. तिचा हजेरी क्रमांक ६३ होता, म्हणजे बहुधा तळाच्या गठ्ठ्यात सापडेल.